शाळा बंद केलीत, तिचे दप्तर कुठे ठेवलेत?

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

शाळा उघडते तेव्हा नारळ फुटतो, फीत कापली जाते आणि कोनशिलेवर पाहुण्यांची नावे इतक्या दाटीवाटीने कोरली जातात की गावाच्या नावाला जागा उरत नाही. शाळा बंद होते तेव्हा एक पत्र येते. त्यात ‘समायोजन’ असा शब्द असतो. शिक्षक कुठल्या शाळेत रुजू होणार, उरलेली मुले कुठे जाणार, एवढे त्यात असते. आजूबाजूच्या दहा-बारा गावांची पोरे पिढ्यान्‌पिढ्या जिथे शिकली, त्या शाळेच्या कागदपत्रांचे पुढे काय करायचे, याबद्दल मात्र अवाक्षर नसते.

मी जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्याचा. गावच्या जिल्हा परिषद प्रशालेतून १९८४ साली दहावी झालो. त्या प्रशालेचे वरचे वर्ग आता बंद आहेत. शाळेचे आणि गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिले की मंत्रालयातून विचारणा येते, ती खाली खाली झिरपत जाते आणि शेवटी कुणा केंद्रप्रमुखाला कारणे दाखवा नोटीस मिळते. मला त्या माणसाचे काही वाईट करायचे नाही. शिवाय ही गोष्ट एका शाळेपुरती नाही. मराठवाड्यातल्या कितीतरी प्रशालांवर आज ना उद्या हीच पाळी येणार आहे.

आपण मराठवाड्याबाहेरचे असाल तर ‘जिल्हा परिषदेचे हायस्कूल’ हे प्रकरण थोडे अनोळखी वाटेल. पश्चिम महाराष्ट्रात जिल्हा परिषद म्हणजे मराठी शाळा, चौथी-सातवीपर्यंतची. पुढचे शिक्षण रयत शिक्षण संस्थेसारख्या खासगी संस्थांचे. आमच्याकडे तसे नव्हते, आणि त्याला कारण निजामाचे राज्य. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले आणि माध्यमिक शिक्षणाची भाषा उर्दू झाली. तहतानिया म्हणजे प्राथमिक, वस्तानिया म्हणजे मिडल आणि फोकानिया म्हणजे हायस्कूल. फोकानिया जिल्ह्याच्या आणि मोजक्या मोठ्या गावी. खेड्यातल्या कुणब्याचे किंवा महाराचे पोर तिथवर पोचणे मुश्किलच. खासगी मराठी शाळा काढायची तर परवानगी हवी, आणि परवानगीची वाट पाहण्यात वर्षे जात. तरीही औरंगाबादला १९१५ मध्ये सरस्वती भुवन निघाली, अंबाजोगाईला १९१७ मध्ये योगेश्वरी निघाली. पण अशा संस्था मोजक्या, आणि त्याही शहरांत. हैदराबाद संस्थानातल्या मराठी भाषकांच्या महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ मध्ये आताच्या जालना जिल्ह्यातल्या परतूरला झाले. मातृभाषेतून शिक्षण मिळावे, ही त्या चळवळीची कळकळीची मागणी होती.

१७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचे संस्थान गेले आणि शाळांची भाषा मराठी झाली. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या. संस्थानाकडून वारशाने आलेली आणि नंतर सरकारने काढलेली हायस्कुले परिषदांच्या पदरात पडली. प्रशाला हे नाव रूढ झाले. त्यातल्या काही बहुविध झाल्या, लोक त्यांना सरळ मल्टीपर्पज म्हणत. ज्याच्या गावात देणगीदार नव्हता, साखर कारखाना नव्हता, पुढारी संस्थाचालक नव्हता, त्याच्या मुलाला दहावीपर्यंत नेणारी ही एकमेव वाट होती. जालन्याला सोन्याचा पाळणा म्हणतात, पण ते जालना शहर आणि तिथला व्यापार. खेड्यातल्या पाळण्याला दोरी होती ती या प्रशालांची.

आता माझ्या मुद्द्याकडे येतो.

खासगी संस्थेच्या शाळेला इतिहास असतो, कारण तिला मालक असतो. रौप्यमहोत्सव होतो, स्मरणिका निघते, संस्थापकांच्या फोटोला हार पडतो, जाहिरातींच्या पानांमधून का होईना पहिल्या दहा विद्यार्थ्यांची नावे छापली जातात. जालन्याजवळच्या बेथेलचेच घ्या. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात तिथे ख्रिस्ती वसाहत उभी केली, जमीन सालारजंगांच्या काळात हैदराबाद दरबाराकडून मिळाली. तिथले काम आज कुणाला अभ्यासायचे असेल तर स्कॉटलंडच्या चर्चचे छापील अहवाल आणि पत्रव्यवहार उपलब्ध आहे, कारण देणगी देणाऱ्याला हिशेब द्यावा लागे. सरकारी प्रशालेला ना संस्थापक, ना देणगीदार, ना विश्वस्त. तिची स्मरणिका कोण काढणार? मुख्याध्यापक तीन वर्षांनी बदलून जाणार. तिचा जो काही इतिहास आहे तो एका लोखंडी कपाटात आहे: जनरल रजिस्टर, निकालपत्रके, शेरेबुक, हजेऱ्या, जडवस्तू नोंदवही. कपाट हलले की इतिहास हलला.

आमच्या शाळेचे वर्ग बंद झाल्यावर बाकांची मोजदाद झाली. ती झालीच पाहिजे, सरकारी मालमत्ता आहे. रसायनाच्या कपाटातल्या फुटक्या चंबूंसाठीसुद्धा निर्लेखनाचा प्रस्ताव तयार झाला. रुळाचा जो तुकडा घंटा म्हणून टांगलेला होता त्याचीही नोंद निघाली, किंमत शून्य रुपये. रजिस्टरे मात्र पोत्यात भरून दुसऱ्या शाळेच्या खोलीत गेली. ती खोली पावसात गळते. पोत्यांवर चिठ्ठी नाही. कुणी मुद्दाम टाकून दिले, असे मी म्हणणार नाही. ठेवायला जागा नव्हती आणि कुणी विचारले नाही, एवढेच. माध्यमिक शाळा संहितेप्रमाणे जनरल रजिस्टर कायम जतन करायचे असते. जिल्हा परिषदेच्या अभिलेख वर्गीकरणात ‘अ’ म्हणजे कायम आणि ‘ड’ म्हणजे वर्षभर. कागदावर ‘अ’ असलेली वस्तू पोत्यात गेली की ती ‘ड’च होते.

त्या रजिस्टरात काय आहे, ते जरा सांगतो, कारण मंत्रालयात बसून त्याची कल्पना येत नाही. आडवी लांब वही, कापडी पुठ्ठा, कडा उंदरांनी थोड्या खाल्लेल्या. एका ओळीत एक मूल. अनुक्रमांक, नाव, बापाचे नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख आकड्यात आणि अक्षरात, आधीची शाळा, प्रवेशाचा दिवस, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याचा दिवस, कारण, शेरा. जन्मतारखांच्या रकान्यावरून बोट फिरवा: १ जून, १ जून, ४ जून, १ जून, १० जून. आमच्या पिढीत अर्धा मराठवाडा जूनच्या पहिल्या आठवड्यात जन्मला. आई सांगायची, पोळ्याच्या पाठी झाला, नाहीतर खळं चालू होतं तेव्हा झाली. गुरुजी वर्ष अंदाजाने धरत आणि शाळेला बसेल अशी तारीख टाकत. त्या तारखेवर नंतर माणसे नोकरीला लागली, त्याच तारखेच्या हिशेबाने निवृत्त झाली आणि तीवरच पेन्शन घेत आहेत.

‘वर्तणूक’ या रकान्यात सगळे ‘चांगली’. खरा मजकूर शाळा सोडण्याच्या कारणात आहे. ‘पुढील शिक्षणासाठी’ हा राजेशाही शेरा. ‘पालकाच्या विनंतीवरून’ म्हणजे बापाने येऊन सांगितले, आता बस झाले. ‘सतत गैरहजर’ म्हणजे मिरची तोडायला, कापूस वेचायला, दुष्काळात कामावर. १९७२ च्या दुष्काळात आमच्या भागातली पोरे दुष्काळी कामांवर खडी फोडत होती, सुकडी खात होती. त्या दोन वर्षांच्या पानांवर ‘सतत गैरहजर’ ओळीने येते आणि पुढे काही जणांसमोर लाल शाईत ‘पुन्हा दाखल’ येते. दुष्काळावर जाडजूड अहवाल निघाले. पण कुठले मूल किती महिने गेले आणि परत आले की नाही, हे त्या अहवालांत नाही. ते आमच्या रजिस्टरात आहे. आठवीनंतर मुलींची नावे कशी गळत जातात, तेही तिथेच दिसते. पहिल्या वीस वर्षांत नववीत मुली बोटांवर मोजण्याइतक्या, मग पाच-सहा, मग १९९० नंतर एकदम वर्गाचा तिसरा हिस्सा. या जिल्ह्याचा सामाजिक इतिहास कुणाला लिहायचा असेल तर याच्याइतके खात्रीचे साधन दुसरे नाही.

आणि हे साधन किती मोलाचे, हे आपल्याच सरकारने सांगितले आहे. १ सप्टेंबर २०२३ ला अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाला. ७ सप्टेंबरला शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. मराठ्यांच्या जुन्या कुणबी नोंदी शोधायला अधिकारी कामाला लागले. महसुली दप्तर, जन्म-मृत्यूच्या नोंदी, कारागृहाच्या, उत्पादन शुल्काच्या वह्या, आणि त्यांबरोबर शाळांचे प्रवेश-निर्गम उतारे. मोडी आणि उर्दू वाचणारी माणसे शोधावी लागली. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन येतो, हे गणित तलाठ्यांना नव्याने शिकावे लागले. कागद पाहायला पथके हैदराबादला गेली. २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटिअरबद्दल शासन निर्णय निघाला. आरक्षणाच्या वादात मी इथे शिरत नाही, दोन्ही बाजूंनी बोलणारे पुष्कळ आहेत. पण शंभर वर्षांपूर्वीच्या शाळेतला कागद मिळावा म्हणून जे सरकार परराज्यात माणसे धाडते, त्याच सरकारच्या काळात साठ वर्षांपूर्वीच्या शाळेचा कागद गळक्या खोलीत पडून आहे, हे आपल्याला खटकायला हवे.

आमच्या जिल्ह्यात तर हा घोळ आणखी मोठा. जालना जिल्हा १ मे १९८१ ला झाला. जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद हे तालुके औरंगाबाद जिल्ह्यातून आले, परतूर परभणीतून आला. म्हणजे परतूरच्या प्रशालेचा जुना कागद हैदराबादला, मधला परभणीला, नंतरचा जालन्याला. त्या सगळ्यांना जोडणारा एकच धागा, म्हणजे जनरल रजिस्टर, शाळेत होता. बदनापूर, घनसावंगी, मंठा हे तालुके तर त्याच्याही नंतरचे.

आमच्या गावात एका विधवेला मुलाच्या जातपडताळणीसाठी नवऱ्याचा शाळेचा दाखला हवा होता. शाळा बंद, मुख्याध्यापक निवृत्त. एका कार्यालयाने दुसरीकडे पाठवले, दुसऱ्याने तिसरीकडे. प्रत्येकाने अदबीने सांगितले, चहाही विचारला. शेवटी एका जुन्या शिपायाने, जो स्वतः आता मजुरीला जातो, पोते ओळखले. वहीच्या पाठीवर त्याने कधीकाळी खळ लावून कागद चिकटवला होता. नोंद सापडली. तो शिपाई गाव सोडून गेला असता तर त्या माउलीने काय केले असते?

शाळा बंद का पडली, हेही आपल्यापुढे मांडतो. पट कमी झाला, असे उत्तर खात्याकडून येईल. ते खरे आहे, पण अर्धे. २००१ पासून ‘कायम विनाअनुदान’ तत्त्वावर गावोगाव खासगी हायस्कुले निघाली, २००९ मध्ये त्यातला ‘कायम’ हा शब्द गेला आणि अनुदानाची आशा लागली. एकाच गावात दोन-दोन, तीन-तीन शाळा झाल्या आणि संस्थाचालक पट गोळा करत घरोघर फिरू लागले. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ ला राज्यभर पटपडताळणी झाली, खोटा पट उघडा पडला, फार चांगले झाले. पण त्यापाठोपाठ २ मे २०१२ च्या निर्णयाने शिक्षकभरती थांबली, आणि त्यात खरा पट असलेल्या शाळाही भरडल्या. शिक्षकभरतीचे ‘पवित्र’ पोर्टल २०१७ मध्ये आले, त्यातून नेमणुका व्हायला २०१९ उजाडले. या सात वर्षांत आमच्या प्रशालेत गणिताचे गुरुजी निवृत्त झाले, जागा रिकामी. इंग्रजीच्या बाई बदलून गेल्या, जागा रिकामी. दहावीच्या वर्षाला गणित शिकवायला कुणी नाही म्हटल्यावर कुठला बाप पोराला तिथे ठेवेल? गुरुजी आधी गेले, पट नंतर पडला. मग पट पडला म्हणून उरलेली पदेही गेली. शिक्षकांची पदे ठरवणाऱ्या १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या निर्णयाने तर वरच्या वर्गांत वीसपेक्षा कमी मुले असतील तिथे शिक्षकाचे पदच मंजूर होईना.

२०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या तेराशेच्या आसपास शाळा बंद करायचे ठरले तेव्हा आरडाओरडा झाला. २०२२ मध्ये वीस आणि त्याहून कमी पटाच्या शाळांची माहिती मागवली तेव्हा जवळपास पंधरा हजार शाळांच्या यादीवरून अग्रलेख आले. त्या बहुतेक प्राथमिक शाळा होत्या. प्रशाला अशा यादीत येऊन बंद पडत नाहीत. आधी दहावीची तुकडी जाते, पुढच्या जूनला नववी, आणि एक दिवस फलकावरचे ‘प्रशाला’ खोडून ‘प्राथमिक शाळा’ रंगवले जाते. ना निषेध, ना बातमी. शाळेचा युडायसचा अकरा आकडी क्रमांक तोच राहतो, २७१८ ने सुरू होणारा, त्यामुळे संगणकाच्या लेखी काही बंद पडलेलेच नसते.

याचे मोल मुली मोजतात. २०११ च्या जनगणनेत जालना जिल्ह्याची साक्षरता ७१.५ टक्के होती, राज्याची ८२.३. नंदुरबारच्या वर आम्ही, म्हणजे शेवटून दुसरे. स्त्रियांची साक्षरता ६१ टक्क्यांच्या आसपास. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत या जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी सुमारे ३५ टक्क्यांचे लग्न अठराच्या आत झालेले होते. सातवीनंतर शाळा दुसऱ्या गावी गेली की घरात पहिला प्रश्न निघतो: जायचे कसे? एसटीचा मोफत पास आहे, मानव विकास कार्यक्रमाची निळी बस आहे, मी ते नाकारत नाही. बस वेळेवर असते त्या दिवशी मुलगी जाते. बस चुकते त्या दिवशी ती घरी राहते, आणि असे पुष्कळ दिवस झाले की ती शाळेतूनच राहते. फक्त आता ‘सतत गैरहजर’ असा शेरा लिहायला गावात रजिस्टर नाही.

जपानमध्ये जन्मदर घटल्यामुळे दरवर्षी शेकडो शाळा बंद होतात. तिथे बंद होणाऱ्या शाळेचा रीतसर निरोप समारंभ होतो, शाळेचा ध्वज परत केला जातो, आणि शाळेच्या आरंभापासूनचा इतिहास, जुने फोटो, शिक्षकांची यादी अशी स्मरणपुस्तिका छापली जाते. तेथील शिक्षण मंत्रालयाने २०१० पासून रिकाम्या शाळांच्या इमारती वापरात आणण्यासाठी वेगळा प्रकल्पच चालवला आहे. ते श्रीमंत आहेत म्हणून हे करतात, असे कुणी म्हणेल. चाळीस पानांची पुस्तिका छापायला किती श्रीमंती लागते? आमच्याकडे सप्ताहाच्या पंगतीची पावतीपुस्तके यापेक्षा जाड असतात.

वर्ग परत सुरू करा, ही मागणी मी करतोच आहे. निदान जिथे पाच किलोमीटरच्या आत दुसरी सरकारी वा अनुदानित नववी-दहावी नाही तिथे तरी. ती मान्य होईल न होईल. पण दुसरी मागणी मान्य करायला ना पद लागते ना मोठा निधी. एक शासन निर्णय काढा. कुठल्याही माध्यमिक शाळेचा वर्ग वा तुकडी बंद करण्यापूर्वी तिच्या दप्तराची यादी व्हावी, बाकांची होते तशीच. रजिस्टरांचे पान न्‌ पान स्कॅन व्हावे. तालुक्याला एक माणूस आणि एक यंत्र पुरेल. मूळ वह्या छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीच्या औरंगाबादच्या) पुराभिलेख कार्यालयात किंवा जिल्हा अभिलेखागारात जाव्यात, आणि दाखला मागायला आलेल्याला तो गटशिक्षणाधिकारी कार्यालयात एका फेरीत मिळावा. नोंदींत जात आहे, घरगुती गोष्टी आहेत, म्हणून त्या चव्हाट्यावर मांडू नयेत. अभ्यासकाला परवानगीने पाहू द्याव्यात. शेवटच्या मुख्याध्यापकाने शाळेचा वीस पानी इतिहास लिहून द्यावा, कुठल्या साली कुठला वर्ग सुरू झाला, पहिली मुलगी दहावी कधी झाली, खोल्या कुणी बांधल्या, आणि ती वही गावच्या ग्रामपंचायतीत ठेवावी. कार्यमुक्तीच्या आदेशाआधी हे काम झाले पाहिजे, अशी अट घाला. मग ते होईल.

आमच्या शाळेचा इतिहास लिहायला कुणी सरकारी माणूस नको. आम्ही माजी विद्यार्थी आहोत: काही शेतकरी, दोन वकील, एक एसटीचा वाहक, जालन्याच्या स्टील कारखान्यात गेलेले चार-पाच जण, आणि गावातच दिलेल्या मुली, ज्या आता आज्या झाल्या. कागद आणि छपाईचा खर्च आम्ही वर्गणी काढून करू. आपल्याकडून हवी आहे ती पोती उघडायची लेखी परवानगी आणि पावसाळ्याआधी एक कोरडी खोली. त्या परवानगीची वाट पाहतो आहे.

आपला,
जिल्हा परिषद प्रशालेचा एक माजी विद्यार्थी
तालुका भोकरदन, जिल्हा जालना